पाय गेलेल्या शिपायाच्या हातांचं काय?



आमच्या गिरणीच्या गेटवर एक वॉचमन काका आहेत. आपल्याच वस्तीतले, महार रेजिमेंटमधून आलेले. एक पाय गुडघ्याखाली नकली. पलटणीत ते गाड्या चालवायचे, इंजिन खोलून परत बसवायचे. इथं त्यांना एक स्टूल दिलंय अन् एक शिट्टी. मागं रात्रपाळीला कॉम्प्रेसर बंद पडला. काका नुसता आवाज ऐकून म्हणाले, "व्हॉल्व बघा रे." वॉचमनचं कोण ऐकतो? सकाळी मिस्त्री आला, व्हॉल्वच निघाला. तोवर खातं चार तास बंद. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न : पाय गेला म्हणून या माणसाच्या हातातली विद्या कुणी काढून घेतली?

आपण 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं स्तंभावर वाचतो. पण लढाईत मेलेला एक असतो, तसा जखमी होऊन जगणाराही असतो. त्याची बाकीची तीस-चाळीस वर्षं कशी गेली, हे आपण कधी विचारलं का?

पलटणीची पेन्शन आपल्या बापजाद्यांना गावकीच्या बाहेर काढणारी पहिली वाट होती. दापोलीला महार पेन्शनरांची वस्ती झाली, सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथं राहिले. मग 1892-93 च्या सुमारास सरकारनं महारांची भरतीच बंद केली. म्हणे आम्ही 'लढाऊ जातीचे' नाही! गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर. त्यांनी 1894 साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला.

आता 1917 साल बघा. पहिल्या महायुद्धातून हातपाय तुटलेले हिंदी शिपाई मुंबई बंदरात उतरत होते. त्यांना धंदा शिकवायला लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल शाळा निघाली. पुढं ती खडकीला गेली, आजही तिथं आहे. नुसती पेन्शन देऊन घरी बसवू नका, हाताला काम द्या, हा विचार चांगलाच होता. त्याच 1917 साली माणसं कमी पडली म्हणून सरकारनं 111 वी महार पलटण उभी केली. अन् 1921 ला मोडूनही टाकली. हातपाय धड असलेले आमचे शिपाई परत गावात, वेसकराच्या काठीवर. म्हणजे पुनर्वसन कुणाचं करायचं, हे जखम बघून ठरत नव्हतं. आधी माणूस कुणाच्या भरतीत बसतो ते बघत होते.

1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली. 1944 ला पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री कोण होते? बाबासाहेब, 1942 ते 1946. युद्ध संपत आलं, लाखो शिपाई घरी परतणार होते. 1945 साली त्यांच्याच मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय सुरू झालं. सुटलेल्या शिपायांना अन् युद्धकामगारांना काम मिळावं, शिक्षण मिळावं म्हणून. 1948 ला या कचेऱ्या सगळ्या बेकारांना खुल्या झाल्या. आपण ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत कार्ड घेऊन उभे राहिलो, ती रांग मुळात शिपायांसाठी लागली होती. म्हणून सांगतो, हा प्रश्न 'मिलिटरीवाल्यांचा' म्हणून सोडून देऊ नका. हा आपला, कामगाराचा प्रश्न आहे.

संधी मिळाली तर काय होतं? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले, अन् 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतलं. पद्मश्री मिळाली ती 2018 ला. सेहेचाळीस वर्षांनी!

आज कायदे आहेत. केंद्राच्या क गटात माजी सैनिकांना 10 टक्के जागा, 2016 च्या कायद्यानं दिव्यांगांना 4 टक्के. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. पण काकांचं स्टूल तेच आहे. कारण जागा देतात, काम देत नाहीत. माजी सैनिक म्हटला की वॉचमन, हे ठरूनच गेलंय. पलटणीत शिकलेल्या कामाला बाहेर मान्य होईल असा दाखला पाहिजे. कोर्स ठरवताना माणसाला विचारलं पाहिजे, त्याच्या गावात तो धंदा चालेल का हे बघितलं पाहिजे. बसून चालवता येईल असं मशीन पाहिजे, कारखान्यात उतार पाहिजे, संडास पाहिजे. अन् नोकरी लागली की फाईल बंद, हे चालणार नाही. वर्षानं परत येऊन विचारा, बाबा, टिकलास का?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतल्या जखमी शिपायांची यादी करा. कुठला हात चालतो, कुठलं काम येतं, ते लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्याबरोबर जा, अर्ज लिहून द्या, पोच घ्या. मी काकांपासून सुरुवात केलीय. मेन्टेनन्स खात्यात घ्या, असा त्यांचा अर्ज मीच लिहिला. खाली सही करताना काका म्हणाले, "पोरा, पाना धरायला पाय लागत नाही, एवढं लिही." लिहिलं.

जयभीम.