तीन बहिणींचा सूर आणि युद्धाचा काळ

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण सैन्यभरतीबद्दल बोललो. आज त्या भरती झालेल्या पोरांच्या गाण्यांकडे वळू.

मिनीॲपोलिसच्या तीन बहिणी. लाव्हर्न, मॅक्सीन आणि पॅटी अँड्र्यूज. वडील ग्रीसमधून आलेले, आई नॉर्वेजियन वंशाची. पॅटी मुख्य चाल गायची, बाकी दोघी तिच्या वर आणि खाली स्वर धरायच्या. तीन वेगळे स्वर, पण ऐकताना एकच गळा वाटावा.

‘बूगी वूगी ब्यूगल बॉय’ हे त्यांचं गाणं युद्धगीत म्हणूनच ओळखलं जातं. पण तारखा बघा. ज्या चित्रपटात ते होतं, तो ‘बक प्रायव्हेट्स’ जानेवारी १९४१ चा. पर्ल हार्बर त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे देश युद्धात उतरण्याआधीच सक्तीची भरती सुरू झाली होती, आणि गाणं त्या भरतीवरचं होतं.

पुढे १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. सैनिकांसाठी मात्र ‘व्ही-डिस्क’ नावाच्या खास तबकड्या निघाल्या. अट एकच, त्या बाजारात विकायच्या नाहीत. लाखेच्या तबकड्या प्रवासात फुटत, शिवाय लाख यायची मुख्यतः हिंदुस्थानातून आणि युद्धामुळे तिचा तुटवडा. म्हणून या बऱ्याचशा व्हिनाइलच्या केल्या.

आता एक अवघड गोष्ट. १९४५ मध्ये ‘रम अँड कोका-कोला’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं त्रिनिदादचं, लॉर्ड इन्व्हेडर या कॅलिप्सो गायकाचं. बेटावर अमेरिकन तळ आले, डॉलर आले, आणि त्या डॉलरांपायी आपल्या बायकांचं काय झालं, याची ती बोचरी तक्रार होती. अमेरिकेत ती मौजेचं गाणं म्हणून वाजली, आणि शब्दांचा कर्ता म्हणून नाव लागलं मोरी ॲम्स्टरडॅम या विनोदी कलाकाराचं. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्रिनिदादच्या बाजूने लागला.

बहिणींना दोष द्यावा का? मी देणार नाही. सैनिकांसाठी त्या मनापासून गायल्या, १९४५ मध्ये इटलीपर्यंत गेल्या. पण एवढं लक्षात ठेवू या, की ज्या गाण्याने छावणीतल्या पोराला घर आठवलं, तेच गाणं दुसऱ्या कुणाच्या घराची व्यथा होती. इतिहास वाचताना दोन्ही घरं दिसली पाहिजेत.