गोल तळाची फळी

पाण्यावर चालणाऱ्या साधनांचे तळ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक पाणी दोन्ही बाजूंना सारीत, त्यात अंग बुडवून वाट काढतो. शिडाच्या होडीचा तळ असा. दुसरा वेग येताच वर उचलला जातो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत पळतो. शर्यतीच्या मोटारबोटीचा तळ तसा. लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे येण्यासाठी जो सर्फबोर्ड वापरतात, त्याच्या इतिहासातही हे दोन प्रकार आहेत. पहिल्याला ‘डिस्प्लेसमेंट हल’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता हे नाव सदोष आहे, कारण माणसाला घेऊन लाटेच्या उतारावरून निघालेली कोणतीही फळी अखेर घसरतच असते. परंतु या फळीचा तळ होडीसारखा बहिर्गोल असतो आणि ती लाटेवर तरंगण्याऐवजी लाटेत थोडी रुतून चालते, म्हणून हे नाव रूढ झाले.

गोल तळ ही नवी कल्पना मुळीच नव्हे. हवाई बेटांवरील सरदारांची ‘ओलो’ नावाची लांबलचक, जाड लाकडी फळी दोन्ही अंगांनी फुगीर असे. अब्नेर पाकी या सरदाराच्या अशा फळ्या होनोलुलू येथील बिशप संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. हे संग्रहालय त्याच्याच कन्येच्या स्मरणार्थ 1889 मध्ये स्थापन झाले. विसाव्या शतकात मात्र विचार उलट दिशेने वाहू लागला. कॅलिफोर्नियातील बॉब सिमन्स या गणितज्ञ वृत्तीच्या तरुणाने दुसऱ्या महायुद्धानंतर घसरणाऱ्या नौकांवरील संशोधनाचा आधार घेऊन रुंद, वेगवान फळ्या घडविल्या. 1954 मध्ये विंडनसी येथील लाटांत त्याचा अंत झाला. त्याने दाखविलेला घसरणाऱ्या तळाचा मार्ग मात्र पुढे राजमार्ग ठरला.

गोल तळाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती जॉर्ज ग्रीनो या सांता बार्बराच्या एका एकांतप्रिय कारागिरामुळे. हा गृहस्थ फळीवर उभा राहत नसे, गुडघ्यांवर बसे. 1960 च्या दशकात त्याने सुमारे पाच फुटांची एक फळी बनविली. तिचा मधला भाग चमच्यासारखा खोलगट, केवळ फायबरग्लासचा आणि लवचीक. फोम फक्त कडेने. तळाला बसविलेला पर त्याने कुपा माशाच्या पराच्या आकारावर बेतला होता: बुडाशी रुंद, टोकाशी निमुळता व वाकणारा. वळणात फळी आणि पर दोन्ही वाकत आणि वळण संपताच सरळ होताना पुढे रेटा देत. ऑस्ट्रेलियात त्याचे हे कसब नॅट यंग आणि बॉब मॅकटॅविश यांनी जवळून पाहिले. 1966 मध्ये सॅन डिएगोच्या विश्वस्पर्धेत यंग 9 फूट 4 इंचांच्या पातळ फळीवर, ग्रीनोच्या धर्तीचा पर लावून, विजयी झाला. पुढील दोन-तीन वर्षांत फळ्या भराभर आखूड झाल्या.

इतिहासाची गंमत अशी, की या क्रांतीचे श्रेय स्पर्धकांना मिळाले आणि तिचे बीज ज्याने पेरले तो स्पर्धेच्या मंडपापासून दूरच राहिला. स्पर्धेला थोड्या वेळात पुष्कळ वळणे हवी असतात. त्यासाठी सपाट तळ आणि शेपटीशी धारदार कडा सोयीच्या. 1981 मध्ये सायमन अँडरसनने तीन परांची फळी यशस्वी करून दाखविल्यावर बाजारपेठ त्याच बाजूला झुकली. गोल तळाची परंपरा टिकली ती मुख्यत्वे मालिबूच्या परिसरात, ग्रेग लिडलसारख्या मोजक्या कारागिरांच्या हातांत. दुकानांनी पाठ फिरविलेली कला अशी दोन-चार जणांच्या चिकाटीवर तगून राहते, याची उदाहरणे इतर क्षेत्रांतही कमी नाहीत.

म्हणून ही फळी निवडणाऱ्याने आपल्या उंची-वजनाआधी आपल्या लाटेचा विचार करावा. मालिबू किंवा रिंकन येथे लाट टोकापासून एकाच बाजूला, हळूहळू व दूरवर उलगडत जाते. तेथे ही फळी सार्थ ठरते. एकदम कोसळणाऱ्या वा वाऱ्याने विस्कटलेल्या लाटेत ती बिचकते, आणि खरेदी करणाऱ्याचे पैसे वाया जातात. लांबी सामान्यतः साडेसहा ते आठ फुटांच्या दरम्यान. रुंदी मध्यापेक्षा पुढे अधिक, कडा पातळ व चिमटलेल्या, शेपटी पातळ, तळाची गोलाई पुढे जास्त आणि मागे सपाट होत गेलेली, खाली एकच वाकणारा पर: इतके पाहावे. फळी उलटी करून तळहात फिरविला की गोलाई डोळ्यांपेक्षा आधी हाताला कळते.

स्वारीची रीतही वेगळी. आजच्या फळीवर मागचा पाय शेपटीवर दाबून झटक्यात वळतात. तसे येथे केल्यास वेग मरतो, कारण या फळीला शेपटीवर उचलणे मानवत नाही. मधोमध, किंचित पुढेच उभे राहावे. लाट पकडतानाच नाक तिरके ठेवावे आणि वळण घ्यायचे ते पायाच्या हिसक्याने नव्हे, तर सबंध कड पाण्यात कलती करून. सुरुवातीला फळी सुस्त वाटते. पाण्याचा विरोध जाणवतो, तोल जातो, आणि पहिले काही दिवस नवशिक्या निराश होतो. मग केव्हातरी कड लाटेच्या भिंतीत नीट बसते आणि वेग आपोआप वाढू लागतो.

मालिबूचा किनारा दक्षिणाभिमुख आहे. दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळांच्या लाटा हजारो मैल पार करून उत्तरेकडील उन्हाळ्यात तेथे पोहोचतात. रिंकनला पश्चिमेकडून लाटा येतात त्या हिवाळ्यात. ज्यांच्या घरी अशी फळी आहे ते त्या त्या ऋतूची वाट पाहतात आणि एरवी दुसरी फळी घेऊन समुद्रावर जातात.