करंजीची चूल

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या आणि हातचं काम गेलेली माणसं पायीच गावाकडे निघाली. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर यवतमाळ जिल्ह्यात करंजी गाव आहे. पोराबाळांसह तिथून जाणाऱ्यांना दूरदूरपर्यंत खाण्याचं ठिकाण सापडत नव्हतं. उघडा होता तो रस्त्याकाठचा गुरुद्वारा.

तिथले बाबा करनैलसिंग खैरा तेव्हा ८१ वर्षांचे. सकाळी चहा-बिस्किटं, मग गरम वरण-भात, भाजी. हातपाय धुवायला साबण-पाणी. घाईत असलेल्यांना शिदोरी बांधून. जात-धर्म कुणालाच विचारला नाही. मेअखेरपर्यंतच्या दहा आठवड्यांत सुमारे २० लाख माणसांना तिथून अन्न मिळालं, असा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत आला होता.

हे एका दिवसात जमलं नाही. गुरुद्वारा १९८८ चा. लंगर, म्हणजे येईल त्याला जेवू घालणारं अन्नछत्र, हे तिथलं नेहमीचंच काम. रांधणारे हात सरावलेले होते, मदत करणारी माणसं जोडलेली होती. म्हणून गर्दी आली तेव्हा चूल नव्याने मांडावी लागली नाही, आधण तेवढं वाढवावं लागलं.

बायांनो, पुढच्या बैठकीत एवढं बघू या: गावात मोठी पातेली कुणाकडे आहेत, गटाला किती धान्य बाजूला ठेवता येईल, आणि अचानक पन्नास पानं वाढायची वेळ आली तर कोण कोण येईल.