सायनसच्या सुजेला गुण कसे मिळाले?

नाशिक या नावाचा संबंध परंपरेने ‘नासिका’ या शब्दाशी जोडला जातो. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथेच कापले, ही कथा पंचवटीत येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते. कापलेले नाक पुन्हा घडवण्याची कलाही आपल्याकडे जुनी आहे. कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक तयार करण्याच्या पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने 1794 साली छापले होते. नाकाचे बाहेरचे व्यंग डोळ्यांना दिसते. आतले दुखणे मात्र दिसत नाही. मग ते किती आहे, हे मोजायचे कसे?

नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्या दोन्ही गालांत, कपाळात, दोन डोळ्यांमधल्या चाळणीसारख्या हाडात आणि नाकामागे खोलवर असतात. त्यांच्या अस्तरात सतत चिकट द्रव तयार होतो आणि सूक्ष्म केसलांच्या हालचालीने तो अरुंद वाटांतून नाकात येतो. सुजेने वाट बंद झाली की द्रव साचतो. हा विकार 12 आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर त्याला जुनाट म्हणतात.

राँटगेन यांनी 1895 साली क्ष-किरण शोधले आणि या पोकळ्यांत डोकावण्याची सोय झाली. हाड किरणांना अडवते, हवा जवळजवळ अडवत नाही. त्यामुळे निरोगी सायनस चित्रात काळा दिसतो आणि सूज किंवा द्रव असेल तर तो धूसर होतो. अडचण अशी की एक्स-रे म्हणजे सावली, आणि सावलीत पुढचे-मागचे सारे एकावर एक पडते. कानामागच्या घट्ट हाडाची सावली गालाच्या सायनसवर येई. 1915 साली वॉटर्स आणि वॉल्ड्रन यांनी रुग्णाची हनुवटी वर उचलून चित्र घेण्याची पद्धत सांगितली. त्यामुळे ती सावली सायनसच्या खाली सरकली. ही साधी युक्ती अनेक दशके उपयोगी पडली. पण डोळ्यांमधल्या बारीक पोकळ्या तिनेही स्पष्ट होत नसत.

ही कोंडी सीटी स्कॅनने फोडली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. अनेक कोनांतून किरण सोडून संगणकाने शरीराचा एकेक काप उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. त्या कामासाठी हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले होते, की खरी अडचण बहुधा मोठ्या पोकळीत नसून तिच्या अरुंद वाटेत असते. 1980 नंतरच्या दशकात दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि त्या वाटेचा नकाशा म्हणून सीटी स्कॅन आवश्यक ठरला.

आता चित्रे स्पष्ट होती. पण एक डॉक्टर ‘बरीच सूज’ म्हणे, तर दुसरा ‘मध्यम’. दोन रुग्णालयांतील उपचारांची तुलना करणार कशी? 1993 साली व्हॅलरी लुंड आणि इयन मकाय या ब्रिटिश शल्यविशारदांनी एक गुणपद्धती मांडली. प्रत्येक बाजूचे पाच सायनस धरायचे. स्वच्छ असेल तर 0, काही भाग धूसर असेल तर 1, पूर्ण धूसर असेल तर 2. सायनसच्या सामाईक वाटेला मात्र मधला गुण नाही: मोकळी असेल तर 0, बंद असेल तर 2. एका बाजूचे 12, दोन्ही मिळून 24.

पद्धत ढोबळ आहे, हे उघड आहे. अस्तर किंचित जाड झाले तरी 1 आणि सायनस जवळजवळ भरला तरी 1. पण या ढोबळपणातच तिचे बळ आहे. पर्याय कमी असल्याने दोन परीक्षकांचे गुण सहसा जुळतात. पुढे टक्केवारीनुसार 0 ते 5 गुण देण्याची सूचना झाली, संगणकाने घनफळ मोजण्याचेही प्रयत्न झाले. तरीही जुनी पद्धत टिकून आहे.

मात्र हा आकडा नेमके काय सांगतो? समजा, एका रुग्णाच्या चार सायनसमध्ये थोडी थोडी सूज आहे: गुण 4. दुसऱ्याच्या एका गालाचा सायनस पूर्ण भरला आहे आणि त्याच बाजूची वाट बंद आहे: गुण 4. आकडा एक, आजाराचे रूप वेगळे. रुग्णाला होणारा त्रासही या गुणांशी फारसा जुळत नाही, असे वारंवार आढळले आहे. 1994 साली अमेरिकेत साधी सर्दी झालेल्या 31 जणांचे स्कॅन काढले, तेव्हा 27 जणांच्या गालाच्या सायनसमध्ये दोष दिसला. बहुतेकांचा तो प्रतिजैविकांशिवाय नाहीसाही झाला. 2001 साली तर सायनसची तक्रार नसलेल्या लोकांचे सरासरी गुण चारांहून किंचित अधिक भरले! म्हणूनच केवळ चित्रावरून निदान करत नाहीत. लक्षणेही पाहावी लागतात. नुसत्या आकड्यावर विसंबले, तर निरोगी माणसालाही औषधे किंवा शस्त्रक्रिया सोसावी लागेल.

वर्गात याचा प्रयोग करता येईल. चौकटीच्या कागदावर दहा आकृत्या काढून त्यांचा कमी-अधिक भाग रंगवा. विद्यार्थ्यांना आधी नजरेने टक्केवारी लिहायला सांगा, नंतर 0, 1, 2 असे गुण द्यायला सांगा. कोणत्या वेळी अधिक जणांची उत्तरे जुळली आणि ती जुळवताना कोणती माहिती गमावली, हे त्यांनाच शोधू द्या. मोजमाप म्हणजे काय, हे त्यातून कळेल. उत्तरपत्रिकेवरील गुणांनाही हाच प्रश्न विचारण्यास हरकत नाही.