सहा सिलिंडरची सेडान आणि ॲव्हरेज: आधी मोबाईलवर मोजा, मग पेट्रोल वाचवा

आपल्याकडे नवी-जुनी कुठलीही गाडी दारात उभी राहिली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "किती देते?" मागच्या वर्षी बीडला माझ्या काकांनी सेकंडहँड सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान घेतली, तेव्हा या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना लाज वाटायची. मोठी, आरामशीर, ऑटोमॅटिक गाडी. किंमत नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी. पण काकूंच्या उपचारासाठी दर आठवड्याला अंबाजोगाईच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पेट्रोलच्या बिलाने घाम फोडला. काका म्हणाले, "विकून टाकतो बाबा ही." मी म्हणालो, "काका, आधी मोजू तर द्या."

त्या मोजण्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने देतोय. यातलं बरंचसं चार सिलिंडरच्या गाडीलाही लागू आहे.

सहा सिलिंडर जास्त का पितात?

भारतात अशा सेडान कमीच आल्या. निसान टियानाचं २.५ लिटर व्ही६, स्कोडा सुपर्बचं ३.६ लिटर व्ही६, होंडा अकॉर्डचं ३.५ लिटर व्ही६ ही त्यातली ओळखीची नावं. आज या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात, त्यामागे पेट्रोलचा खर्च हे एक मोठं कारण आहे.

सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चालायला अशा गाडीला इंजिनच्या ताकदीचा अगदी छोटा हिस्सा लागतो. एक गोणी न्यायला सहा बैल जुंपल्यासारखं आहे हे. काम एकाचं, चारा सहांचा. पेट्रोल इंजिनमध्ये कमी ताकद हवी असली की थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. त्यात ताकद वाया जाते. शिवाय सहा पिस्टन, त्यांच्या रिंगा आणि जास्त व्हॉल्व्ह यांचं घर्षण वेगळंच. म्हणूनच २००८ च्या पिढीच्या अकॉर्ड व्ही६ मध्ये गरज नसताना काही सिलिंडर बंद ठेवून तीन किंवा चारवर चालण्याची सोय दिली होती.

थोडक्यात, हे इंजिन छोट्या गाडीसारखं ॲव्हरेज कधीच देणार नाही. पण जितकं द्यायला हवं तितकं तरी देतंय का, हे तपासता येतं.

पायरी १: टाकी-टू-टाकी मोजणी

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो, बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो. खरी पद्धत जुनीच आहे:

१. पंपावर ऑटो-कट होईपर्यंत टाकी फुल करा. त्यानंतर "अजून थोडं टाका" म्हणू नका.
२. ट्रिप मीटर शून्य करा.
३. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच ऑटो-कटपर्यंत भरा.
४. किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. हे तुमचं ॲव्हरेज.

एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. मोबाईलवर फ्युएलियोसारखं ॲप किंवा साधी शीट पुरते. काकांच्या गाडीचा पहिला खरा आकडा आला ८.२.

पायरी २: ओबीडी डोंगल लावा

भारतात एप्रिल २०१३ पासून कारला ओबीडी-२ बंधनकारक आहे. त्याआधीच्या बऱ्याच मोठ्या सेडानमध्येही ते मिळतं. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट शोधा. त्यात ईएलएम३२७ प्रकारचं ब्लूटूथ डोंगल लावायचं आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप उघडायचं. आयफोन असेल तर साधं जुनं ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई वालं घ्या. आणि गाडी चालू असताना स्क्रीन शेजारच्याने बघायची, ड्रायव्हरने नाही.

आधी एरर कोड वाचा. ॲव्हरेजशी थेट संबंध असलेले हे कोड:

• पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३०१ ते पी०३०६ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो.
• पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरम होत नाही. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो.
• पी०१७१ किंवा पी०१७४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कुठेतरी हवा गळतेय किंवा हवा मोजणारा सेन्सर खराब आहे.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. हा आकडा शून्याच्या आसपास हवा. सतत अधिक किंवा उणे १० टक्क्यांच्या बाहेर असेल तर इंजिन काहीतरी झाकून घेतंय असं समजा.

काकांच्या गाडीत तीन सिलिंडरचे मिसफायर कोड साठलेले निघाले, तिन्ही एकाच बाजूचे. गंमत म्हणजे गाडी घेतल्यावर लगेच एका गॅरेजमध्ये "सगळे प्लग बदलले" होते. इंजिन आडवं बसवलेल्या व्ही६ मध्ये पुढचे तीन प्लग सहज हाताला लागतात. मागचे तीन बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतात, ते काढायला वेळ जातो. तिथे पुढचेच तीन बदलले होते. म्हणून प्लग बदलल्यावर सहा जुने प्लग हातात मागून घ्या आणि मोजा.

ॲप गोड का बोलतं?

बरीच ॲप्स पेट्रोल थेट मोजत नाहीत. इंजिनात किती हवा गेली त्यावरून हिशोब करतात. समजा गाडी उभी आहे आणि सेन्सर सेकंदाला ४ ग्रॅम हवा दाखवतोय. तासाला १४,४०० ग्रॅम. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, म्हणून ९८० ग्रॅम पेट्रोल, म्हणजे साधारण १.३ लिटर.

पण आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याचं प्रमाण साधारण १३.५ ला १. त्याच हवेला साधारण १.४ लिटर लागतात. ॲप जुन्याच आकड्याने गणित करत असेल तर ते खप कमी आणि ॲव्हरेज जास्त दाखवणार. त्यामुळे टाकी-टू-टाकी आकडा हा खरा, आणि ॲपमध्ये तो बसेल अशी सेटिंग बदला.

दुसरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे ई२० मध्ये साध्या पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के ऊर्जा कमी. जुन्या ॲव्हरेजशी तुलना करताना हे धरा. गाडी जुनी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्या.

पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकरही वाचा. काही व्ही६ इंजिनांना ९५ ऑक्टेन लागतं. त्याहून कमी ऑक्टेनचं घातलं तर कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि ॲव्हरेज पडतं. मॅन्युअलमध्ये ९१ चालतं असं असेल तर महाग पेट्रोलने काही वाढत नाही.

पायरी ३: फुकटातली कामं

• हवा: टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. प्रत्येक पीएसआय कमी असेल तर साधारण ०.२ टक्के ॲव्हरेज जातं. चारही टायर ८ पीएसआयने कमी असतील तर दीड टक्का गेला. मे महिन्यात भर दुपारी, तापलेल्या टायरमध्ये "बरोबर" भरलेली हवा पहाटे कमी निघते, कारण साधारण ५-६ अंशांना एक पीएसआय बदलतो.
• ब्रेक: १०-१५ किलोमीटर चालवून थांबा. एखाद्या चाकाजवळ हात नेल्यावर बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय. रिमला हात लावू नका, भाजेल.
• वजन: दर ४५-५० किलोमागे साधारण १ टक्का. डिकीत पडून राहिलेलं धान्याचं पोतं उतरवा. टपावरचं रिकामं कॅरियर तर हायवेला त्याहून वाईट, ते हवा अडवतं.
• एअर फिल्टर: इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. वेळेवर बदला, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

पायरी ४: पायाची सवय

वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की अडथळा ५६ टक्के वाढतो. बीड ते छत्रपती संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर आहे. सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी १०० ने जाऊन तुम्ही वाचवता फार तर वीस मिनिटं. गेवराईला एक चहा कमी घेतलात तरी त्यातली निम्मी भरून निघतात.

घाट. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना पाय पूर्ण दाबू नका. ऑटोमॅटिक गाडी खालचा गियर टाकते आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण आणखी दाट होतं. ट्रकच्या मागे थोडं अंतर ठेवून एका दमात चढा. परत येताना उताराला आपल्याकडे बरेच जण न्यूट्रल करतात. ते चुकीचं आहे. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकं इंजिन फिरवतात. ॲपमध्ये तेव्हा खप शून्य दिसतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं तर जीवावरचं काम, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

उभी गाडी. मोठं इंजिन नुसतं उभं राहून तासाला सव्वा ते दीड लिटर पितं, एसी लावला की आणखी. दवाखान्याच्या बाहेर अर्धा तास एसी लावून बसलात तर पाऊण लिटर गेलं. सावलीत लावा, निघताना दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. हायवेला मात्र काचा बंद आणि एसी चालू हेच ठीक.

सकाळी. पाच मिनिटं इंजिन तापवत बसायची गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा.

ऊसतोडीचा हंगाम. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असली की लांबूनच पाय सोडा. जोरात जाऊन ब्रेक मारणं म्हणजे आत्ताच विकत घेतलेला वेग चाकांवर जाळून टाकणं.

काय घेऊ नका

ओबीडी सॉकेटमध्ये लावायचे "पेट्रोल सेव्हर" ऑनलाइन मिळतात. बहुतेकांच्या आत फक्त दिवे लुकलुकवणारं सर्किट असतं. पाइपवर लावायचं चुंबक हीदेखील तीच जात. हे पैसे प्लगमध्ये घाला.

मग काकांच्या गाडीचं काय झालं?

उरलेले तीन प्लग बदलले आणि हवा नीट केली, तेव्हा आकडा ९.३ वर गेला. वेग ८०-८५ ला बांधला आणि उताराचं न्यूट्रल सोडलं, तेव्हा १०.४. बीड-अंबाजोगाई जाऊन-येऊन १८० किलोमीटर धरले तर एका फेरीला २२ लिटरऐवजी साधारण १७.३. लिटरला १०५ रुपये धरून चार फेऱ्यांत महिन्याला १,९०० रुपयांच्या आसपास वाचले.

आता दुसरी बाजूही सांगतो. १८ देणारी छोटी गाडी याच वर्षभराच्या फेऱ्यांना १०.४ च्या तुलनेत साधारण ३८० लिटर कमी पिईल, म्हणजे जवळपास ४०,००० रुपये. सवयी बदलून ही दरी भरून निघत नाही. म्हणून तीन टाक्या मोजा, दुरुस्ती करा, परत तीन टाक्या मोजा, आणि मग वर्षाचे किलोमीटर घालून हा हिशोब स्वतः मांडा. त्यानंतरच ठेवायची की विकायची ते ठरवा.

काकांनी हिशोब पाहिला आणि काकूंचे उपचार संपेपर्यंत गाडी ठेवायचं ठरवलं. मागच्या सीटवर काकूंना आडवं होता येतं, त्याची किंमत शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायची ते मला अजून सुचलेलं नाही.