मावळच्या पाण्यावर चाललेली ट्राम



देहूरोड स्टेशनावर सकाळच्या लोकलची वाट पाहत उभा होतो. शेजारी माझाच एक विद्यार्थी होता, मूळचा आंदर मावळातला. नुकताच मुंबईला मामाकडे जाऊन आला होता. त्याने विचारले, “सर, मुंबईत लोक दादर टीटी, दादर टीटी म्हणतात. ते टीटी म्हणजे काय हो?”

मी म्हटले, “ट्राम टर्मिनस. म्हणजे ट्रामचे शेवटचे ठिकाण.”

“पण तिथे ट्राम कुठं आहे?”

“गेली. 1964 सालीच गेली. पण ती चालत होती तेव्हा तुमच्या मावळच्या पाण्यावर चालत होती, हे तुला ठाऊक आहे का?”

पोराने माझ्याकडे असे पाहिले, की सरांना झोप कमी झालेली दिसते! लोकल आली आणि बोलणे तिथेच राहिले. ते अर्धे राहिलेले बोलणे आज आपल्यापुढे पुरे करतो.

ट्राम म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या रुळांवरून चालणारी गाडी. आगगाडीला स्वतःची वेगळी वाट असते. ट्रामला तशी नसते. तिचे रूळ रस्त्याच्या सपाटीला मिळवलेले असतात, म्हणून त्यांच्यावरून बैलगाडीही जाते आणि माणूसही चालतो. आपल्या पुण्यात ट्राम कधी आली नाही. मुंबईत मात्र ती 90 वर्षे चालली.

पहिली ट्राम 9 मे 1874 रोजी निघाली. ती घोड्यांची होती. रुळांवर चाक हलके फिरते, म्हणून एक-दोन घोडे एवढी माणसे सहज ओढीत. पहिले मार्ग दोन. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. स्टर्न्स आणि किट्रेज ह्या कंपनीच्या पागेत 900 घोडे होते. विचार करा, 900 जनावरांचा दाणा, वैरण, नाल आणि आजारपण! भाडे प्रथम तीन आणे होते, ते लौकरच दोन आण्यांवर आले. तरीसुद्धा मजुराला ते जडच होते.

पुढे 1905 साली नवी वीज कंपनी निघाली. तिने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली आणि 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. घोडा गेला आणि तार आली. रस्त्यावर उंच तार ताणलेली असे. ट्रामच्या टपावर एक लांब दांडी असे. तिचे टोक त्या तारेला टेकलेले राही. वीज तारेतून दांडीत, दांडीतून गाडीखालच्या मोटरीत येई, चाके फिरवी आणि चाकांतून रुळांत उतरून माघारी जाई. शेवटचे ठिकाण आले की दोरीने ती दांडी उलट दिशेला फिरवायची. गाडी वळवावी लागत नसे, कारण चालवणाऱ्याची जागा दोन्ही टोकांना असे. चालवणारा उभ्यानेच एका हाताने मूठ फिरवी आणि पायाने घंटा वाजवी. ठण्, ठण्, ठण्. समोरची गर्दी बाजूला होई.

1920 साली दुमजली ट्राम आली. पुढे बरीच वर्षे एका आण्यात मुंबईच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाता येई. हा एक आणा फार मोलाचा होता. दादरहून निघालेली ट्राम परळ, लालबाग, भायखळा करीत पायधुणी, क्रॉफर्ड मार्केट आणि बोरीबंदर गाठी. म्हणजे ती गिरणगावाच्या अगदी पोटातून जाई. त्या गिरण्यांत काम करणारी माणसे कुठली होती? कोकणातली, साताऱ्याकडची, पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याची. गावाकडे शेत पुरेना म्हणून ती मुंबईला गेली होती. पायपीट वाचवणारी आणि खिशाला झेपणारी अशी त्यांना दुसरी गाडी नव्हती.

आता मुख्य प्रश्न. ह्या ट्रामला वीज कुठून येई?

सुरुवातीला वाडीबंदरला कंपनीचे स्वतःचे वीजघर होते. 1912 साली माझगावला दुसरे उभे राहिले. दोन्ही वाफेवर चालत आणि वाफेला कोळसा लागे. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. तो लांबून आगगाडीने नाही तर जहाजाने आणावा लागे. मग ह्या शहराच्या जवळ फुकटची शक्ती कोणती? सह्याद्रीवरचा पाऊस!

लोणावळ्याच्या आसपास पावसाळ्यात किती पाणी पडते हे मावळच्या माणसाला मी सांगायला नको. हे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे. इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. घाटाच्या कड्यावर हे पाणी अडवले आणि पूर्वेकडे न सोडता नळांतून पश्चिमेला कोकणात लोटले, तर सुमारे 500 मीटरांच्या पडीने चाके फिरतील, ही ती कल्पना. जमशेटजी टाटांनी ती मनाशी धरली होती. 1904 साली ते वारले. 1910 साली कंपनी उभी राहिली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव झाले आणि 1915 साली पायथ्याच्या खोपोलीला वीज निघू लागली. ती तारांवरून सुमारे 70 किलोमीटर दूर परळच्या केंद्रात आणली. मग ठोकळवाडीला आंद्रा नदी अडवली. तिच्या पाण्यावर 1922 साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. आंद्रा ही इंद्रायणीचीच उपनदी.

ही वीज प्रथम गिरण्यांना हवी होती, आणि मोठा वाटा त्यांनीच घेतला. पण ट्राम कंपनीही ती घेऊ लागली, आणि 1923 पर्यंत तिला लागणारी सगळी वीज टाटांकडूनच येऊ लागली. तिची स्वतःची वीजघरे मागे पडली. म्हणजे त्यानंतर लालबागेत घंटा वाजवीत जाणारी ट्राम वळवण-ठोकळवाडीच्या पाण्यावर चालत होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

इथवर गोष्ट गोड आहे. पण इतिहास सांगणाऱ्याने हिशेबाची दुसरी बाजूही वाचून दाखवली पाहिजे.

तलाव हवेत होत नाही, तो कोणाच्या तरी शेतावर होतो. मावळानंतर पाळी आली मुळशीची. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण घालायचे ठरले. त्याखाली 52 गावे यायची होती. ते खोरे आंबेमोहर भातासाठी नावाजलेले. 1921 साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि ह्याच लढ्याने ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. तीन वर्षे माणसे, त्यांत बायकाही, तुरुंगात जात राहिली. 1924 च्या सुमारास लढा संपला. धरण झाले आणि 1927 साली त्या पाण्यावर भिरा येथील वीजघर चालू झाले.

त्यात एक गोष्ट फार बोचते. पुष्कळशा जमिनी सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. मोबदला मिळाला की त्यांचे भागत होते. कसणाऱ्या कुळाचे भागत नव्हते, कारण त्याच्यापाशी कागद नव्हता, नुसती पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत होती. कागदावर ज्याचे नाव, त्याच्या हातात पैसा. आणि ज्याचे शेत गेले, तो कुठे गेला? काही वर डोंगराला सरकले, तर काहींनी मुंबईची वाट धरली.

अशा एखाद्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. गाव तलावाखाली गेलेला माणूस लालबागेत एक आणा देऊन ट्राममध्ये बसला आहे. ट्राम त्याच्या उपयोगाची आहे. एक आण्यात ती त्याला कामावर नेते, त्याचे पाय वाचवते. आणि तिला ओढणारी वीज त्याच्याच खोऱ्यातल्या पाण्याची आहे. त्याला हे कोणी सांगितले असेल का? तिकिटावर भाडे छापलेले असते, पण असले देणे कुठेही छापलेले नसते.

मी ट्रामला किंवा विजेला दोष देत नाही. वीज हवीच होती. धूर ओकणाऱ्या कोळशापेक्षा पाण्याची वीज चांगली, हे आज तर सगळे जग म्हणते. माझे म्हणणे इतकेच, की ज्याने दिले त्याचे नाव हिशेबात असावे.

पुढे ट्रामचेही दिवस फिरले. 7 ऑगस्ट 1947 रोजी हा सारा कारभार मुंबई महापालिकेकडे आला. 1926 पासून बस सुरू झालीच होती. मोटारी वाढल्या. बस अडथळा दिसला की बाजूने निघते, ट्रामला रूळ सोडता येत नाही. ती रस्त्याच्या मधोमध अडली की सारा रस्ता अडला. 1950 नंतर एकेक मार्ग बंद होत गेला आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. खच्चून भरलेली. लोकांना तिचा निरोप घ्यायचा होता. तिचे रूळ काही ठिकाणी डांबराखाली तसेच राहिले आणि लोकांच्या तोंडी राहिले दादर टीटी.

तलाव मात्र राहिले. वळवणचे पाणी आजही पश्चिमेकडे उतरते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. मार्च 2022 पासून आपल्या पिंपरीतून मेट्रो धावू लागली आहे. मुलांना ती दाखवायला न्याल तेव्हा घरी परतल्यावर एक नकाशा काढायला सांगा. ही गाडी विजेवर चालते, ती वीज कुठून येते? ज्या धरणाचे पाणी आपल्या नळाला येते, त्या धरणाखाली कोणती गावे होती? त्यांतली माणसे कुठे राहायला गेली? उत्तरे पुस्तकात सापडली नाहीत, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला सांगा. त्यांना सगळी नावे पाठ असतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याने हेच केले. दुसऱ्या आठवड्यात लोकलमध्ये भेटला आणि म्हणाला, “सर, आजीला विचारलं. तिच्या सासऱ्यांचं एक खाचर तलावात आहे म्हणे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसतो.”

मी म्हटले, “मग आता टीटी म्हणजे काय, हे तू मला सांग!”