आवाज तिचा, कागद कोणाचा?

आज जरा लांबच्या बायांबद्दल बोलायचं आहे, अमेरिकेतल्या. पण त्यांतल्या दोघी कापसाच्या मुलखात वाढल्या, एवढं सांगितलं तर तुम्हाला त्या तितक्या लांबच्या वाटणार नाहीत.

आमच्या घरात इंग्रजी गाणी आली ती मामामुळे. मामा मुंबईला बंदरावर कामाला होता. एका दिवाळीला येताना त्यानं टू-इन-वन आणला आणि सोबत पाच-सहा कॅसेटी. त्यांतल्या एकीवर केस पिंजारलेल्या बाईचा फोटो होता. शाळेतून आलो की आम्ही बहिणी तीच कॅसेट लावायचो. शब्द एक कळत नव्हता. आजी म्हणायची, "या बाईच्या अंगात आलंय." पेन्सिल घालून रीळ गुंडाळत गुंडाळत ती कॅसेट आम्ही पार झिजवली. पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा शब्द उलगडले, आणि हातात मोबाईल आल्यावर त्या बाईची गोष्ट. तिचं नाव टीना टर्नर. ते वेड अजून सुटलेलं नाही. गटाच्या हिशेबाची वही भरतानासुद्धा आमच्या कानात तेच चालू असतं. या गाण्यांना रॉक अँड रोल, सोल, पॉप अशी वेगवेगळी नावं आहेत. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, यावर जाणकार भांडत बसतात. आपण आज सगळ्याला रॉकच म्हणू.

आता हा विषय गटाच्या कार्यक्रमात कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प बसून होती. ती काळा मसाला करते. मसाला तिच्याच नावानं विकला जातो, पिशवीवर तिचं नाव छापलेलं आहे. पण अन्न परवाना नवऱ्याच्या नावावर, बँकेतलं चालू खातं नवऱ्याचं, कांडप मशीनचं बिलही त्याच्याच नावाचं. आता दोघांचं पटत नाही म्हणून ती माहेरी आली आहे. तिकडे मसाला चालूच आहे. करते दुसरीच कोणी, आणि पिशवीवर नाव हिचं. ताईनं विचारलं, "नाव माझं, हात माझा, मग मसाला कोणाचा?" आम्ही समन्वयक म्हणवतो, पण आमच्या कुठल्याच पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. घरी जाताना टीनाची आठवण झाली. तिच्या बाबतीत नेमकी हीच वेळ आली होती. तिची गोष्ट सांगतोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

रॉक म्हटलं की लोकांना गिटार घेतलेला पुरुष दिसतो. पण त्याच्याही आधी विजेवरची गिटार घेऊन उभी राहिलेली बाई होती, सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५ चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लँट नावाच्या गावात. म्हणजे गावाचं नावच कपाशी. आई देवाची गाणी गात गावोगाव फिरायची, मुलगी तिच्यासोबत लहानपणापासून गिटार वाजवायची. १९४४ साली तिनं ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्याला पुष्कळ अभ्यासक रॉकची पहिली तबकडी मानतात. एल्व्हिस प्रेस्ली तेव्हा नऊ वर्षांचा होता. रोझेटा १९७३ साली गेली. तिच्या थडग्यावर पस्तीस वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले, तेव्हा कुठे तो झाला.

दुसरी विली मे थॉर्नटन. देहानं भक्कम, म्हणून तिला बिग ममा म्हणत. ती अलाबामा राज्यातली. गायची, ड्रम वाजवायची, तोंडानं वाजवायची पेटीही वाजवायची. ऑगस्ट १९५२ मध्ये तिनं लॉस एंजेलिसला 'हाउंड डॉग' नावाचं गाणं म्हटलं. बाईच्या जिवावर ऐतखाऊ जगणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढणारं ते गाणं आहे. कुत्र्याबिित्र्याचं नाही. पुढच्या वर्षी ते काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याचे तिला मिळाले पाचशे डॉलर. एकच चेक आला, पुन्हा काही आलं नाही, असं ती पुढे सांगायची. १९५६ साली एल्व्हिसनं तेच गाणं शब्द बदलून म्हटलं आणि ते जगभर गेलं.

एल्व्हिसनं चोरी केली असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हीही बरीच वर्षं तसंच म्हणायचो. पण गाणं बिग ममानं लिहिलेलं नव्हतं. लिहिणारे दोन गोरे पोरगे होते, लीबर आणि स्टोलर, दोघंही तेव्हा १९ वर्षांचे. त्यांना बिग ममाच्या तबकडीसाठी दिलेला चेकही वटला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे फसवणुकीची साखळी चांगली लांब होती, आणि सगळ्यात शेवटच्या टोकाला ती बाई होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, ती लिहिणाऱ्याची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ते बहुधा कंपनीचं. गाणं जितकं विकलं जाईल, जितकं वाजेल, तितका ज्याचा त्याला वाटा मिळतो. त्याला रॉयल्टी म्हणतात. गाणारीच्या पदरात काय पडणार, हे तिनं कशावर सही केली त्यावर ठरतं. अमेरिकेत तर रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. पेरणी, निंदणी, वेचणी एकीनं करायची आणि सातबारा दुसऱ्याचा, तसंच हे. बिग ममानं पुढे स्वतः एक गाणं लिहिलं, 'बॉल अँड चेन'. जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेनं ते १९६७ साली मोठ्या मेळ्यात गाऊन गाजवलं. यावेळी तरी लिहिणारी बिग ममाच होती. पण ते गाणं तिनं ज्या छोट्या कंपनीला दिलं होतं, तिनं हक्क स्वतःकडेच ठेवला होता.

आपल्याकडे हे नव्हतं असं समजू नका. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं लताबाईंचं गाजलेलं गाणं आठवा. त्याच्या तबकडीवर गाणारीचं नाव 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! हे गातंय कोण, असं विचारणारी पत्रं लोकांनी आकाशवाणीला लिहिली. पुढे गायकांनाही रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाईंनी हट्ट धरला, त्यापायी महंमद रफींशी मतभेद झाला आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गायकांच्या वाट्याची गोष्ट आपल्या कायद्यात स्पष्टपणे आली ती २०१२ साली.

या सगळ्यांत व्यवहाराला पक्की होती अरीथा फ्रँकलिन. धर्मोपदेशकाची लेक, डेट्रॉइट शहरात वाढलेली. १९६७ साली तिनं 'रिस्पेक्ट' म्हटलं. मूळ गाणं ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ चं. त्यात कामावरून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. अरीथानं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि सगळा अर्थच फिरला. तो शब्द एकेक अक्षर सुटं करून म्हणणं, बहिणींकडून मागे साथ घेणं, ही भर तिची. आज लोकांना आठवते ती हीच भर. पण लिहिणारा म्हणून नाव ओटिसचं राहिलं आणि रेडिओचे पैसे त्याच्या बाजूला गेले. डिसेंबर १९६७ मध्ये तो विमान अपघातात गेला, तेव्हा जेमतेम २६ वर्षांचा होता. त्याच्यावर राग धरावा असं काही नाही.

अरीथा मात्र शिकली. कार्यक्रमाचे पैसे ती आधी आणि रोख घ्यायची, नाहीतर गायची नाही. ते पैसे पर्समध्ये आणि पर्स नजरेसमोर. २०१५ साली वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ओबामांसमोर गायला आली, तेव्हाही अंगावर भारी फरचा कोट आणि हातात पर्स. येऊन पर्स पियानोवर ठेवली आणि मग सूर लावला. आठवडी बाजारात कनवटीला पैसे खोचून बसणारी बाई ते बघून हसणार नाही.

पण हीच अरीथा २०१८ साली वारली, तेव्हा रीतसर केलेलं मृत्युपत्र नव्हतं. हातानं लिहिलेले कागद काही महिन्यांनी सापडले. त्यांतली २०१४ ची वही तर सोफ्याच्या उशीखाली होती. चार मुलं, त्यांत वाद. २०२३ साली कोर्टात ज्यूरीनं तासाभराच्या आत ती वही खरी मानली. तासाभराच्या कामाला पाच वर्षं लागली. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणाच्या उशीखाली काय आहे, ते आम्ही विचारलं नाही.

आता टीना. तिचं जन्माचं नाव ॲना मे बुलक. १९३९ चा जन्म, टेनेसी राज्यातल्या नटबुश नावाच्या खेड्यात वाढली. घरच्यांबरोबर कापूस वेचायची, आणि ते काम तिला मुळीच आवडत नसे, हे तिनं कधी लपवलं नाही. बोंडाची टोकं बोटात कशी शिरतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ती अकरा वर्षांची असताना आई घर सोडून गेली, पुढे वडीलही गेले. आजीनं सांभाळलं.

तरुणपणी ती आईक टर्नरच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. १९६० साली एक गाणं ठरलेल्या गायकाला म्हणायचं होतं, तो आलाच नाही, म्हणून हिनं म्हटलं. कंपनीच्या माणसाला हिचाच आवाज आवडला. आईकनं तिला न विचारता तिचं नाव ठेवलं टीना टर्नर. तेव्हा तर लग्नही झालेलं नव्हतं. ते नाव त्यानं नोंदवूनही टाकलं, आपण ब्रँडची नोंदणी करतो तसं. ही निघून गेली तर दुसरी कोणी उभी करून तिलाच टीना टर्नर म्हणता येईल, असा हिशेब. ताईचा मसाला आठवला ना?

पुढची सोळा वर्षं ती गात होती, नाचत होती आणि मार खात होती. हातात स्वतःचा पैसा नसे. १९८६ साली आलेल्या आत्मचरित्रात तिनं हे सगळं सांगितलं आहे. १९६६ चं 'रिव्हर डीप, माउंटन हाय' हे आमच्या मते तिचं सगळ्यात मोठं गाणं. त्यात आईकचा सूरही नाही. त्यानं लांब राहावं म्हणून निर्मात्यानं त्याला २० हजार डॉलर दिले होते, तरी तबकडीवर नाव दोघांचं. तिला स्वतःला लिहिताही येत होतं. १९७३ साली तिनं आपल्या नटबुशवर गाणं लिहिलं आणि तेही चांगलं चाललं.

जुलै १९७६ मध्ये डॅलस शहरात मार खाल्ल्यावर, तो झोपलेला असताना, ती हॉटेलातून निघाली. रात्री भरधाव गाड्यांचा रस्ता पळत ओलांडला. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोल पंपाचं एक कार्ड. ३६ सेंट म्हणजे तिकडची चिल्लर.

घटस्फोट १९७८ साली पूर्ण झाला. तिनं बाकी मालमत्तेवरचा हक्क सोडला. दोन गाड्या, स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा लेखिका म्हणून वाटा, आणि टीना टर्नर हे नाव मात्र ठेवलं. मोडलेल्या दौऱ्यांची देणी तिच्याच डोक्यावर आली. काही काळ सरकारी अन्नकुपनांवर घर चालवलं, हॉटेलांत, छोट्या ठिकाणी गायली.

यावर आमच्या गटात भांडण झालं. एक आजी म्हणाल्या, "घर सोडलं? नावाला काय चाटायचंय?" दुसरी म्हणाली, नावावरच तर गिऱ्हाईक येतं. आम्हाला दोघींचं पटलं. तिनं योग्य तेच निवडलं, असं आम्हालाही वाटतं. पण सोळा वर्षं राबलेल्या बाईवर घर की नाव असं निवडायची वेळ यावी, याचा राग काही जात नाही.

नाव चाललं मात्र. १९८४ च्या सप्टेंबरात तिचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. वय ४४. त्याच वर्षी जुलैत बिग ममा थॉर्नटन लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात वारली. तो भक्कम देह आजारानं पार वाळून गेला होता. १९८८ साली ब्राझीलच्या एका मैदानात टीनाला ऐकायला सुमारे १ लाख ८० हजार माणसं आली. २०२१ साली तिनं गाण्यांमधला आपला वाटा आणि नाव-छबी वापरायचा हक्क एका मोठ्या संगीत कंपनीला विकला. म्हणजे ते नाव शेवटी विकलंच. पण यावेळी विकणारी ती होती. दोन वर्षांनी ती स्वित्झर्लंडला आपल्या घरी वारली.

मसाल्याच्या ताईचं असं झालं, की नाव अजून कोणीच नोंदवलेलं नाही, हे आम्ही आधी तपासलं. मग तिच्या स्वतःच्या नावानं ट्रेडमार्कचा अर्ज भरला. मसाले तिसाव्या वर्गात येतात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये पडतात. गटानं अंतर्गत कर्जातून दिले. तिकडून हरकत येऊ शकते. मग ती आधीपासून या नावानं धंदा करत होती याचा पुरावा लागेल, म्हणून जुन्या पिशव्या आणि बिलं शोधणं चालू आहे. कोणाच्या घरी तिच्या मसाल्याची जुनी पिशवी असेल तर फेकू नका, बैठकीला घेऊन या.

टीनाचं गाणं आत्ता ऐकवायला आवडलं असतं. पण केंद्रावरून वाजवायचं तर त्याचाही परवाना लागतो आणि तो आपल्याकडे नाही. सोमवारी बैठकीला या, मामाची ती कॅसेट आणतो. टेप चालला तर ऐकू.